रविवारचा पगार, सोमवारचा पगार

निपाणीत एका रविवारी मी श्रीमंत होतो आणि लगेच सोमवारी गरीब झालो. मध्ये कसलाही तोटा झाला नव्हता.

तंबाखूच्या वखारीत मी कारकून होतो. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात मी आणि आई. नंदगडची एक मुलगी बघून आलो होतो, आणि ती इतकी आवडली होती की परतीच्या बसमध्ये तिकीट काढायचंच विसरलो! पण तिच्या वडिलांची अट होती, "भाड्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाय, आन् पगारबी भक्कम पायजे."

त्याच सुमारास कमी उत्पन्नवाल्यांसाठी सरकारी घरं निघाली. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तरच घर! म्हणजे सरकारला मी गरीब हवा होतो आणि सासऱ्याला श्रीमंत.

"त्यात काय अवघड?" मी आईला म्हणालो. "रविवारी पाव्हणं आपली ऐपत बघाय येणार, सोमवारी तालुक्याचा साहेब चौकशीला. दोन दिस, दोन पगार!"

"आरं, खरा हाय त्योच सांग की दोघास्नी."

"आई, तुला व्यवहार कळत न्हाय." (हे वाक्य पुढे मला अनेक वर्षं ऐकवलं गेलं.)

निपाणी कर्नाटकात, म्हणून अर्ज कानडीत होता, आकडेसुद्धा कानडीत. कानडी मला फाडफाड बोलता येतं, वाचताना मात्र धाप लागते. त्यामुळे मर्यादा किती ते न बघताच मी पगार निम्मा लिहिला आणि झोकात सही ठोकली.

रविवारी शेजारच्या आप्पांचा रेडिओ आमच्या कोनाड्यात बसला. त्यांची म्हैसही आमच्या दारात आली. ती ओरडू नये म्हणून आई दिवसभर तिला सरकी पेंड चारत होती. नंदगडहून मुलीचे वडील आणि मामा आले. मामा नुसते शिरा खात होते.

"पगार किती म्हणायचा?" वडिलांनी विचारलं.

मी बिनदिक्कत दुप्पट सांगितला. वर म्हणालो, "स्वतःचं घर आता होईलच, आणि दूध घरचंच!"

मामांनी शिऱ्याची दुसरी बशी घेतली.

सोमवारी रेडिओ गेला, म्हैस गेली, आईला मी फाटकं लुगडं नेसायला लावलं. दारात फाईल दिसताच "बर्री साहेब, बर्री!" असं कानडीत 'या, या' करत कमरेत वाकलो. मान वर करून बघतो तर तालुक्याचे साहेब म्हणजे मामाच!

"म्हैस कुठं गेली?" मामांनी विचारलं.

तेवढ्यात पेंडीची चटक लागलेली म्हैस दावं तोडून आली आणि मामांच्या खांद्यावरून डोकं आत घालून रेकली!

"बरं, कालचा पगार लिहू का आजचा?"

कालचा लिहिला तर घर जाणार आणि घराबरोबर मुलगीही. आजचा लिहिला तर घर मिळणार, पण मुलगी तर कालच्या पगारावर ठरत आलेली! माझी सगळी ऐट उतरली. मला ती मुलगी मनापासून हवी होती हो.

शेवटी आईनं ट्रंकेतून माझ्या पगाराची चिठ्ठी काढून मामांच्या हातात दिली. "ह्यो खरा पगार. म्हैस आप्पांची हाय. आन् हे लुगडं मी पोतेऱ्याला काढलंतं."

मामांनी चिठ्ठी वाचली, मग अर्ज वाचला. "आवो, खरा पगारबी मर्यादेच्या आतच बसतोय की! मग खोटं कशापायी?"

मामांनी अर्जावरचा आकडा खोडून खरा लिहायला लावला आणि खाली माझी सही घेतली. या वेळी सहीत झोक नव्हता.

त्यांनी नंदगडला जाऊन काय सांगितलं ते मला लग्नानंतर कळलं. "दाजी, पोरगा खोटं बोलतोय, पर त्याला त्ये जमत न्हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल."

घर मिळालं, मुलगीही मिळाली. काही वर्षांनी पगार खरोखरच वाढला, तेव्हा मी पेढे घेऊन ऐटीत घरी गेलो आणि आकडा सांगितला.

बायको पुडा बाजूला ठेवत म्हणाली, "आदी मामाकडनं उत्पन्नाचा दाखला आणा, मग पेढा खाते!"