मागचं डावं चाक

आमच्या गावात सटवा ड्रायव्हरला शिव्या दिल्या नाहीत असा माणूस शोधायचा, तर पाळण्यातली लेकरंच सापडतील. मीही दिल्या. माझी पिठाची गिरणी चौकाला लागून आहे आणि पाण्याची गाडी समोरच उभी राहायची, त्यामुळं माझा नंबर सगळ्यांच्या आधी लागायचा. आता लोक सटवाचं नाव घेताना आवाज खाली आणतात, ते मला अजिबात आवडत नाही. होता तेव्हा कसा होता ते सांगावं.

सटवाला स्वतःचं कौतुक फार. सिरसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. सटवा जन्मला तोच फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. उसाच्या मोळ्या उचलत वाढला, मग कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायला शिकला आणि एक दिवस आमच्या दूध सोसायटीच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागला. त्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट. सीटवर टॉवेल, तोही रोज धुतलेला. "आमच्या घराण्यात कोयत्यावर न जानारा पैला मी," हे वाक्य त्यानं मला इतक्यांदा ऐकवलंय, की तो तोंड उघडायच्या आधी मी म्हणून टाकायचो. तंबाखू मात्र नेहमी दुसऱ्याची खायचा.

पंधरा-सोळाच्या दुष्काळात दिवाळीआधीच दूध आटलं. जनावरं छावणीला गेली, दुधाच्या कॅनांना काम उरलं नाही. तेव्हा सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी पिकअपमध्ये प्लास्टिकची मोठी टाकी बसवली, टाकीवर हात जोडलेला स्वतःचा फोटो लावला आणि माजलगावच्या कालव्याकडच्या एका मळ्यातून बोअरचं पाणी आणायला सटवाला धाडलं. उपकार होते, खोटं कशाला बोला. त्या गाडीवर गाव जगलं.

मग छावणीवर उभ्या असलेल्या गाडीचं एक चाक चोरीला गेलं. सकाळी पाहिलं तर गाडी दगडावर टेकवलेली. बोर्डाची बैठक बसली, आणि मोहनरावांनी बीडहून किल्लीचे नट आणले. प्रत्येक चाकाला पाच नट. त्यातला एक असा, की तो साध्या पान्यानं निघत नाही. त्याची स्वतःची दातेरी किल्ली असते. ती पान्याला लावली तरच नट फिरतो.

सहकारात एक रीत आहे. कुलूप कशालाही लावा, किल्ली चेअरमनच्या कमरेला. कपाटाची, शिक्क्याच्या पेटीची, दूध तपासायच्या मशीनची, सगळ्या किल्ल्या मोहनरावांच्या करदोट्याला लटकलेल्या. चाकाच्या नटाची किल्लीही तिथंच गेली. ड्रायव्हरकडं दिली तर ड्रायव्हरच चाक विकायचा, असा विचार. सटवाला ते लागलं होतं.

नट बसवले सिरसाळ्याच्या रस्त्यावरच्या गहिनीनाथच्या गॅरेजात. आमच्याकडं आवळण्याला फार मान. पाना करकरल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिस्त्रीनं काम केलं असं वाटतच नाही. त्यात मोहनराव स्वतः उभे. "आवळ अजून. चोरानं रडाय पायजे," असं म्हणत होते. गहिनीनाथनं पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर उभा राहून हिसके दिले. मागच्या डाव्या चाकाच्या वेळी किल्लीचे दात घसरले, तरी त्यानं हिसका दिलाच. मोहनराव खूश झाले.

सटवाची एक सवय होती. सकाळी गाडी काढायच्या आधी तो हातोडीनं प्रत्येक नट ठोकून बघायचा, भाजीवाली नारळ वाजवते तसा. माघातल्या एका सकाळी त्याला मागच्या डाव्या चाकाचा एक नट बोदा वाजला. हात लावला तर बोल्टाच्या तुकड्यासकट तो हातात आला.

त्या दिवशी मी गिरणीचा पट्टा आणायला त्याच्या गाडीतच सिरसाळ्याला चाललो होतो. सटवा वाटभर डाव्या आरशात मागं बघत होता, तेव्हाच मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. गॅरेजात त्यानं तो तुकडा गहिनीनाथच्या हातावर ठेवला.

"लई आवळलं तुमी. ताणून तुटला."

"आवळलेलं कधी कुनाला बाधलंय का बे?" गहिनीनाथ हसला, पण तुकडा उलटापालटा करून बघितल्यावर त्याचं हसू गेलं. तो चाकापाशी बसला. मोहनरावांकडून मागून आणलेली किल्ली त्यानं नटावर धरली आणि पाना ओढला. किल्ली गरकन फिरली, नट जागचा हलला नाही. दात झिजून गुळगुळीत झाले होते.

"आता?" मी विचारलं.

"तुटलेला बोल्ट बदलायचा तर चाक काढाय पायजे. चाक काढायचं तर हा नट निघाय पायजे," गहिनीनाथ म्हणाला. "ह्यो निघत न्हाई. ग्यासनं कापावा लागतोय. चाकाची रिंग बी जाईल कदाचित."

"काप मंग," सटवा म्हणाला.

गहिनीनाथनं हात पुसले. सोसायटीचं सगळं काम त्याच्याकडं यायचं, ते मोहनरावांच्या मर्जीनं. "चेअरमनला इचारून ये," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. जाताना मात्र सटवाकडं न बघता बोलला, "बाकीचे बी तसेच आवळलेत रं. सावकास चालव."

चूक कुणाची हे गहिनीनाथला कळलं होतं, काय होऊ शकतं हेही कळलं होतं, आणि तो गाडीखाली शिरला.

मोहनराव सोसायटीच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. सटवानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शांतपणे. ते कधी आवाज चढवायचे नाहीत.

"नट सोसायटीचा, चाक सोसायटीचं. तोडायचं तर ठराव पायजे. उद्या ऑडिटवाला इचारंल, नवी रिंग कावून घेतली, तर मी काय सांगू?"

"मंग घ्या ठराव."

"बोर्ड कुठाय?" मोहनरावांनी पेपराची घडी घातली. "निम्मं बोर्ड कोल्हापूरकडं फडावर हाय. पाडव्याला येतेत. आले की घिऊ."

ते खरंच होतं. आमच्या सोसायटीचे संचालक म्हणजे दोन म्हशींचे धनी. दिवाळीनंतर तेही कोयता घेऊन बाहेर. दिवाळी ते गुढीपाडवा आमचा सहकार बंदच असतो. हे कायद्यात कुणी लिहिलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

"तवर गाडी उभी करतो," सटवा म्हणाला.

"कर की. गाडीची किल्ली ठेव हितं." मोहनराव हसले. "घरी कोयता हाय ना अजून?"

सटवानं किल्ली ठेवली नाही. दुपारी गाडी पाण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी चौकात त्यानं दगडांची रांग मांडली आणि दगडांना चुना फासला. गाडी थांबेल, तो चाकाखाली दगड लावेल, खाली वाकून बघेल आणि मग हात वर करील. तोवर रांगेच्या पुढं कुणी यायचं नाही. त्याआधी काय व्हायचं, की गाडी वळणावर दिसली की सगळं गाव धावायचं. पोरं चालत्या टाकीवर चढून पाइप टाकायची, बाया चाकाला चिकटून घागरी घेऊन पळायच्या. जो आधी त्याचं पाणी. आता सटवा पहिल्या गेरमध्ये मुंगीच्या पायानं यायचा आणि कुणी रांग ओलांडली तर गाडी तिथंच उभी करून हॉर्न वाजवत बसायचा.

काय शिव्या खाल्ल्या त्यानं. "चुना लावलाय, आता नारळ फोडा," असं मीही म्हणालो. म्हातारी भिवराबाई, जिचा पाण्याला पहिला नंबर, ती रोज विचारायची, "बाबा, पानी देतुस का परसाद?" साध्या ड्रायव्हरला माज आला, असं ठरलं. रांग मात्र पाळली गेली, कारण पाणी त्याच्या हातात होतं.

खरी गोष्ट त्यानं मला सांगितली ती गिरणी चालू असताना. पट्ट्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही, म्हणून.

"दुसरा बी तुटला," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला.

मी पिठाचे हात झटकले. "अरे, मग सांग ना लोकांना."

"सांगितलं तर गाडीला कोनी हात लावू देनार न्हाई. गाडी बंद, पानी बंद. मंग हीच मान्सं मला हुडकत येतील. आन् मला कोयत्यावर न्हाई जायचं, मालक. लई भ्या वाटतं मला त्या फडाचं. चाकाचं बी वाटतं. पाडव्यापतुर ढकलतो."

भीती वाटते असं सटवा कबूल करील, हे मला कधी खरं वाटलं नसतं. मी त्याला माझी तंबाखू दिली. त्यानं घेतली नाही.

घरी त्यानं बायकोला, कडूबाईला, कारण सांगितलं नव्हतं. एवढंच बजावलं होतं, "मी हात केल्याबिगर दगडाच्या पुढं यायचं न्हाई. कायबी झालं तरी." कडूबाई सरळ बाई. नवऱ्याचा माज म्हणून गाव तिला टोचायचं, पण ती घागर घेऊन रांगेमागं उभी राहायची आणि त्याच्या हाताकडं बघायची.

पाडव्याच्या तोंडावर ऊसतोडीची माणसं परतली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चौकात उतरल्या, कुलपं उघडली, बंद घरांतून धूर निघाला. संचालकही आले. मोहनरावांनी शब्द पाळला. बैठक झाली, बोर्ड पूर्ण भरलं आणि नट कापायचा ठराव बिनविरोध पास झाला. गहिनीनाथ सकाळी ग्यासची टाकी घेऊन येणार होता. संध्याकाळी सटवा गिरणीत आला आणि बऱ्याच दिवसांनी माझी तंबाखू मागून खाल्ली. "सुटलो," म्हणाला.

सकाळी गहिनीनाथचा पत्ता नाही. निरोप आला, दुपारून येतो. पण गाव एकाएकी दुप्पट झालं होतं, आणि परतलेल्यांच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता. मोहनराव म्हणाले, एक खेप करून ये, मग दिवसभर गाडी गॅरेजचीच. सटवानं नट ठोकून बघितले. काय वाजलं ते कुणाला सांगितलं नाही. गेला.

आम्हा सगळ्यांच्या डोक्यातून एक गोष्ट निसटली होती. ज्यांच्या येण्याची वाट बघत तो इतके दिवस जपून आला, त्या माणसांना रांगेचं काही माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा चालत्या गाडीमागं धावायची रीत होती, आणि तीच रीत घेऊन ती परत आली होती.

गाडी वळणावर दिसली आणि शंभरभर माणसं ड्रम, हंडे, कॅन घेऊन सुटली. चुन्याच्या दगडांना ठेचकाळत गेली. त्यांना बघून रांगेतलेही सुटले. आपलं पाणी जाईल म्हणून भिवराबाईही सुटली. मी गिरणी बंद करून बाहेर आलो आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो. सटवा हॉर्न दाबून धरून होता. तो चौकाच्या उतारावर होता, आणि मला इथून दिसत होतं, मागचं डावं चाक कलून फिरत होतं.

ब्रेक दाबला असता तर चाक निखळून गर्दीत आलं असतं, असं गहिनीनाथ नंतर म्हणाला. तसं असेल. मी एवढंच पाहिलं, की सटवानं माणसांकडं बघितलं आणि गाडी उजवीकडं, कोरड्या ओढ्यात घातली. चाक सुटून बांधावर जाऊन पडलं. गाडी कुशीवर गेली, टाकी फुटली.

आणि माणसं पाण्याकडं धावली. मातीत मुरायच्या आत जेवढं मिळेल तेवढं, हातानं, ताटलीनं, पदरानं. पिऊन आला असेल, असं कुणीतरी म्हणालं. केबिनकडं पहिल्यांदा कुणी बघितलं ते मला आठवत नाही, पण लगेच बघितलं नाही, हे नक्की. त्याचा मला राग आला होता, अजूनही येतो. त्यांच्या घरात पाणी नव्हतं, हेही मला माहीत आहे. सटवाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता.

बांधावरच्या चाकात किल्लीचा नट तसाच होता, बोल्टासकट तुटून आलेला. घट्ट.

सोसायटीनं दुखवट्याचा ठराव घेतला. बोर्ड पूर्ण हजर होतं. त्या नटाची झिजलेली किल्ली मोहनरावांच्या करदोट्याला अजून आहे. चालताना बाकीच्यांबरोबर वाजते.

मी गाडीकडं पळालो तेव्हा कडूबाई रांगेमागंच होती. तिच्या पुढं सगळं गाव धावलं, ती एकटी हलली नव्हती. घागर काखेत, नजर ओढ्याकडं. मी तिला "चल" म्हणालो, तर म्हणाली, "त्येंनी अजून हात न्हाई केला."

आता सरकारी टँकर येतो. ड्रायव्हर रोज नवा, त्याला कसली रांग माहीत असणार. माणसं पाण्याला जातात, कडूबाई दगडामागं थांबते. मग मी गिरणीच्या दारात येतो आणि हात वर करतो. ती माझ्याकडं बघते, पदर सारखा करते आणि पाण्याला जाते.