होडीतल्या डब्यातला दाखला

मोऱ्याच्या कोळीवाड्यातून पनवेलला शिकायला निघाले त्या सकाळी आईने माझ्या पिशवीत सुके बोंबील कोंबले आणि बाबांनी होडीतला डबा उघडून माझा शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला. समुद्रात तपासणी होते, म्हणून होडीचे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात असत. मग घरातलेही सगळे कागद तिथेच. बाबा म्हणाले, "तू जा बाय. वनिताला फुडच्या वर्साला शिकाला धारतो." धाकटी वनिता रस्त्याच्या वळणापर्यंत हात हलवत राहिली. एका वर्षाचाच तर प्रश्न, असं मी खुशाल मनाशी म्हटलं.

वर्षाच्या आत बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं. आईने होडी विकली आणि त्या गडबडीत डबाही होडीबरोबर गेला. वनिताचा दाखला त्यातच होता.

पनवेलच्या ज्या कॉलेजात शिकले, त्याच्याच ऑफिसात आता मी नोकरी करते. खांदा कॉलनीत वन बीएचके आहे, गॅलरीत तुळस आहे. यंदा कॉलेजने शिक्षण सुटलेल्यांसाठी सकाळची बॅच काढली. फी माफ, दुपारचं जेवण, थेट मोऱ्यापर्यंत बस. नोटीस मीच टाइप केली आणि टाइप करताना रडले. वनिताचा फॉर्मही मीच भरला. इतकी वर्षं विषय काढला की तिचं एकच, "दाखला नाय ना, ताय." प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "दाखला मागाहून आणू दे. आधी तिला वर्गात येऊ दे." मी लगेच फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाखला शालंतून दुसरा कवाच मिलला असता. मीच नाय मागितला. सकाली बाबाला उठवाचा कोनी? आयची कंबर गेलीय." आणि तिने विचारलं, "तू येशील, ताय?"

"ॲडमिशनचे दिवस आहेत गं, रजा नाही मिळत," मी म्हणाले. रजा मी मागितलीच नव्हती. मला परत जायचं नव्हतं, आणि हे तिलाही कळलं.

बस रोज आमच्या घरावरून येते. ड्रायव्हर सांगतो, तुमची बहीण वडिलांना धरून ओट्यावर बसवत असते, बस दिसली की हात हलवते.

घर कुठे, असं कुणी विचारलं की मी खांदा कॉलनी सांगते. मोरा म्हटलं की लोक पुढे विचारतात, तिथे कोण असतं?