एकजुटीचं वाण

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या मराठी मंडळाला यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात समाजकार्यही करायचं होतं. अध्यक्षबाईंनी कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. अमेरिकेत काळे आणि आशियाई लोक खांद्याला खांदा लावून हक्कांसाठी लढले म्हणे. झालं! संक्रांतीला आपण काळ्या साड्या नेसतोच, तर त्याच साड्यांत पाठिंबाही उरकून टाकू, असं ठरलं. आता एक आफ्रिकन बाई तेवढी हवी होती. माझी शेजारीण केनियाची, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

ती बिचारी माझी काळी साडी नेसून हौसेनं आली. अध्यक्षबाईंनी माइक घेतला आणि "आपला लढा एकच आहे" हे इंग्रजीत चांगलं घोळवून घोळवून सांगितलं. भाषणभर शेजारणीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

मग वाण लुटायची वेळ झाली. होलसेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून खजिनदारबाईंनी सगळ्यांना एकच वाण आणलं होतं, गोरं करणारं क्रीम. हळदीकुंकू लावून एक ट्यूब शेजारणीच्याही हातात पडली.

तिनं ती उलटसुलट करून वाचली. "तुम्ही हे लावता?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"रोज!" अध्यक्षबाई ऐटीत म्हणाल्या.

तिनं त्यांचा चेहरा जवळून नीट न्याहाळला आणि ट्यूब त्यांच्याच हातात ठेवली.

"मग माझीही तुम्हीच घ्या," ती म्हणाली. "तुमचा लढा अजून बराच बाकी दिसतोय."