गाफखालचा ढब्बू पैसा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण आता स्वतःचा इतका संताप येतो की—गप्प बसणं म्हणजे तेच खोटं पुन्हा बोलणं वाटतं.

शारजात आमच्या इमारतीमागे बाग आहे. शुक्रवारी सकाळी मी तिथे मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचो. परवानगी? नव्हती. सापडायची बाटल्यांची झाकणं, फिल्सची सुटी नाणी, एकदा कुणाची तरी किल्ली. इथल्या मराठी मंडळातले लोक विचारायचे, साहेब, खजिना कुठवर आला? ते मला झोंबायचं. इतकं का झोंबावं?

एका सकाळी कोवळ्या गाफच्या झाडाशी यंत्र वाजलं. वीतभर खणलं. लाल चिंधी निघाली, आत सुपारी आणि ढब्बू पैसा—जाड, तांब्याचा, करदोट्यात ओवायला भोक पाडलेला.

मी कुडाळचा. आमच्याकडे नवं झाड लावताना जागेच्या राखणदाराला असं ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. वडिलांनी माझ्यादेखत ठेवलं होतं. म्हणजे—मला कळलं होतं. त्याच क्षणी, पुरतं कळलं होतं. चिंधी आणि सुपारी मी परत पुरली. पैसा खिशात घातला.

मंडळाच्या गणपतीत तो काचेच्या पेटीत मांडला. खाली चिठ्ठी लावली: मोत्यांच्या व्यापाराच्या काळातलं नाणं, शारजात सापडलेलं. टोमणे मारणारेच वाकून वाकून बघत होते.

आरतीनंतर दाजी पुढे आला. बागेतला माळी, पन्नाशीचा, सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पातून दोन बस बदलून दर्शनाला आलेला. पेटीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "साहेबानू, ह्यो पैसो माझो. बापाशीच्या करदोट्यातलो. हयसून धड घराक पावाक व्हया म्हणान झाडाबुडी ठेवललंय."

इथून धड घरी पोचायला हवं, म्हणून ठेवलेला—शब्दन् शब्द समजला मला. आणि मी—मी मालवणीत उत्तर दिलं नाही. शुद्ध भाषेत म्हणालो, "अशी नाणी शेकड्यांनी असतात, दाजी. काचेत दिसलं की सगळ्यांनाच आपलं वाटतं." लोक हसले. त्याने भोकाकडे बोट दाखवलं. मी पेटी उचलून दुसऱ्या टेबलावर नेली.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो मागून आला आणि एवढंच म्हणाला, "माका नको तो. थंयच परत ठेवा."

गाडीत मुलीने विचारलं, "बाबा, वॉज ही लाइंग?" नऊ वर्षांची होती. मी म्हणालो, हो.

पुढे त्याला कंपनीने रास अल खैमाला हलवलं, असं ऐकलं. तो घरी पोचला का? ठाऊक नाही. वॉचमनकडे त्याचा नंबर होता. मी मागितला नाही.

गेल्या महिन्यात पैसा खिशात घालून झाडाशी गेलो, परत पुरायला. सवयीने यंत्र आधी फिरवलं—वाजलं. खणलं. दुसरीच चिंधी, सुपारी आणि एक दिरहम. जाण्याआधी त्याने पुन्हा ठेवलं होतं. जवळ जे होतं, ते.

खड्डा उघडा होता. पैसा माझ्या मुठीत होता. घरातली पेटी रिकामी दिसली तर मुलगी विचारेल, हे मनात आलं—फक्त हेच. मी खड्डा बुजवला आणि पैसा घेऊन घरी आलो.

पाहुणे आले की ती पेटी आता मुलगीच दाखवते. चिठ्ठी मोठ्याने वाचते. मी शेजारी उभा असतो.