बी.ए. मॅडमचा शॉट

मोतीराम सरांचा हात आधी गळ्यातल्या हेडफोनकडे जाई, मग कॅमेऱ्याकडे. हेडफोन कानांवर चढवून, डोळे मिटून ते मिनिटभर नुसते ऐकत राहत. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, फर्निचरच्या वर्कशॉपवरच्या खोलीत ते माइक आणि कॅमेरा शिकवत. "आँख तो सगळेच लावतात. कान कोण लावणार?" हे त्यांचं रोजचं वाक्य.

मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून यायचे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. सर दारातच म्हणत, "आओ बी.ए. मॅडम! आज मशीनला काय शिकवणार?" उभा जन्म लग्नांचं शूटिंग करण्यात गेलेला माणूस, माइकच्या सेलच्या बाबतीत पक्का चिकट. कॉलर माइक शर्टाला लावला की आधी त्याचा खटका बंद करायला लावत. "शॉट के टाइम चालू कर. सेल झाडाला लागतात काय?"

मग सरांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या मुलीला सातवा महिना होता. आपल्या आईची लोली, म्हणजे सिंधी अंगाई, त्यांना नातवंडासाठी ठेवायची होती. कोण रेकॉर्ड करणार? वर्गात तीन हात वर गेले. सर म्हणाले, "बी.ए. मॅडम घेतील."

मी फ्रेम लावली, लाइट लावला, सरांच्या शर्टाला कॉलर माइक लावला, खाली जाऊन करवत थांबवायला सांगितली. हेडफोन टेबलावरच राहिले. सर समोरच होते, मला सगळं ऐकू येत होतं. बसक्या आवाजात ते गायले. माझे डोळे भरून आले.

कॉलर माइकचा खटका बंदच होता. बाहेरचा माइक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद पडतो, हे त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये सरांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला कळलं तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं.

महिन्याने सर आले, गळ्याला पट्टी. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. हेडफोन चढवले, डोळे मिटले, रेकॉर्डिंग लावलं. लोली संपेपर्यंत ते तसेच बसले होते. मग कागद ओढून लिहिलं, "फ्रेम अच्छी है."

हेडफोन काढून त्यांनी माझ्या कानांवर ठेवले, आणि रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.