पिवळ्या पडद्यामागे

"न्यूमोथोरॅक्स," इमर्जन्सीतली डॉक्टर म्हणाली. फुप्फुसाला बारीक छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत साठली होती. त्या दाबाने फुप्फुस मिटले होते. लिनने एवढेच विचारले, "आईला कळवावं लागेल का?"

लिन चीनमधल्या चेंगडूची. मास्टर्ससाठी मेलबर्नला आलेली, तिथल्या पॉइंट कुक उपनगरातल्या माझ्या घरात भाड्याने राहणारी. मला ती 'जिए' म्हणे, म्हणजे ताई. छातीत कळ येत असूनही असाइनमेंटपायी ती गप्प राहिली होती.

बरगड्यांमधून चेस्ट ड्रेन घातला, साठलेली हवा काढणारी नळी. तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत. श्वासासरशी तिथे बुडबुडे फुटत. ट्रेवर थंडगार जेली, बर्फाचे पाणी. लिनला हवे असे गरम पाणी. मी थर्मास भरून नेई. ती तो पोटाशी धरून बसे.

रविवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल ठरलेला.

"जिए, माझ्या खिडकीचा पिवळा पडदा आणशील? आई तो ओळखते."

"अगं, सांगून टाक ना."

"तिकडे ती रडेल, इकडे मी. उपयोग काय?"

मी तिच्यामागे पडदा धरून उभी राहिले. गाऊनवर तिने शर्ट चढवला. आईने मध्येच काही विचारले. लिन हसून उत्तरली.

कॉल संपल्यावर लिन म्हणाली, "आई बुडबुडे ऐकून म्हणाली, पाणी उकळतेयस का? मी हो म्हटलं. खूश झाली." मग ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. हात ठेवायचा मला धीर झाला नाही.

पुढे बुडबुडे थांबले. "छिद्र बुजलं. उद्या नळी काढू," डॉक्टर म्हणाली. संध्याकाळी लिनने स्वतःच फोन लावला. मी पडदा उचलला. तिने मानेनेच नको म्हटले.

तिने आईला सगळे सांगितले. मग आईचे एक लांब वाक्य. लिन रडता रडता हसली.

"म्हणते, भर दुपारी पडद्यातून ऊन येत नव्हतं. तिला तेव्हाच कळलं होतं. मी सांगेन म्हणून थांबली होती."

परक्या गावी आजारी पडलेल्यांना मी एवढेच सांगेन: आपल्या पाठीमागचा उजेड दुरून कुणीतरी पाहत असते.

पडदा आता पुन्हा खिडकीवर आहे. दुपारी त्यातून हळदीसारखे ऊन पाझरते. त्या वेळी मी पुण्याला आईला फोन करते आणि तिच्या "कशी आहेस?"चे उत्तर देण्याआधी क्षणभर थांबते.