श्यामकांतरावांच्या चाकांतली हवा

नाव: श्यामकांत दिनकर पटवर्धन. वय: एकोणसत्तर. केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त. सध्याचा पदभार: नोएडा येथील निवासी मोटारीच्या सर्व चाकांतील हवेचे नियंत्रण. वरिष्ठ अधिकारी: पत्नी सुनीतीबाई.

लांबच्या प्रवासाच्या दिवशी सकाळी, गाडी जागची हलण्याआधी, श्यामकांतराव हवा मोजायचा गेज घेऊन चाकापाशी उकिडवे बसत. आकडा नोंदवहीत लिहीत आणि खाली सही करीत. सही तपासायला कोणी नव्हते, पण तसे कोणी मंत्रालयातही नव्हते.

या खेपेला आग्र्याला भाचीच्या साखरपुड्याला जायचे होते. गुरुग्रामहून आलेली लेक लतिका शेजारच्या सीटवर बसली ती परीक्षक म्हणून. "बाबा, आज काहीही गडबड झाली तर चावी माझ्याकडे. हायवेला यापुढे ड्रायव्हर."

"मंजूर," श्यामकांतराव म्हणाले. आणि उतरून चाकांवरून पुन्हा एक नजर टाकली. मागून सुनीतीबाई म्हणाल्या, "आता निघा. चाकं काही संपावर जात नाहीयेत."

एक्सप्रेसवेवर अर्ध्या वाटेत ते चहाला थांबले. तिथल्या हवावाल्याने आपणहून गेज लावला. "अंकल, सैंतीस है. गर्मी में फट जाएगा. चार निकाल दूँ?"

"काढू द्या ना बाबा, प्लीज," लतिका म्हणाली.

"नहीं भाई, रहने दो." मग लेकीकडे वळून, टिपणी वाचावी तसे, "सकाळी गार टायरमध्ये तेहतीस होती, आता सदतीस. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीनेही तेवढीच लिहिलीये. टायर धावला की तापतो, हवा फुगते. आत्ता काढली तर गार झाल्यावर कमी भरेल. आणि वेगात फुटतो तो कमी हवेचा टायर."

लतिकाने मोबाइलमध्ये शोधले, वाचले आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

"काय म्हणतोय?" सुनीतीबाईंनी विचारले.

"बाबांचंच म्हणतोय."

पुढचे शंभर किलोमीटर श्यामकांतराव शीळ घालत होते. आग्र्यात पोहोचल्यावर लतिका म्हणाली, "चावी ठेवा तुमच्याकडेच." लेकीची ही भक्ती नवीन होती, म्हणून डिकीतून बॅगा काढताना तिने गेज मागून घेतला आणि स्टेपनीला लावला.

काटा सहावर थांबला.

"नोंदवहीत काय लिहिलंय बघा," सुनीतीबाई म्हणाल्या.

श्यामकांतरावांनी नोंदवही उघडली. अकरा वर्षांच्या नोंदी होत्या, सह्यांसकट. रकाने चार होते.